काट्याच्या त्या बाजूला

आमच्या घरात आजाचा विषय निघाला की सुरुवात ठरलेली असते. ‘त्याच्या पायाले भिंगरी होती,’ असं कुणीतरी म्हणतं आणि मग जो तो आपापला तुकडा काढतो. कुणी सांगतं, तो कारंज्याला कापसाचा दलाल होता. कुणी म्हणतं, दलाल कसला, दलालाच्या हाताखाली गाड्या हेरायचा. धाकट्या काकांच्या सांगण्यात तो नागपूरच्या एम्प्रेस मिलमधून पळून आला होता. मोठ्या आत्याच्या सांगण्यात तो मिलच्या फाटकातून आत गेलाच नव्हता. गुप्तधनाची गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी, आणि ती सांगताना सगळ्यांचाच आवाज खाली येतो.

संपादकांनी ‘नशिबाच्या शोधात’ हा विषय कळवला तेव्हा त्यांना बहुधा आफ्रिकेत, आखातात किंवा अमेरिकेत गेलेली मराठी माणसं अपेक्षित असावीत. मला आजा आठवला. त्याचं सगळं धावणं धनजपासून बैलगाडीने आणि आगगाडीने गाठता येईल एवढ्याच मुलखातलं. तो श्रीमंत झाला नाही, कुठे नाव राहिलं नाही. पण घरातल्या कुणालाही एक प्रश्न कधी पडलेला मी ऐकला नाही: बारा एकर काळी जमीन असलेल्या माणसाला एवढं धावावं का लागलं? त्याच्या स्वभावावर सगळं ढकलून आम्ही मोकळे झालो होतो. मला तो मुलूख पाहायचा होता, ज्याने त्याला पळवलं. म्हणून गेल्या मार्गशीर्षात, वेचणी चालू असताना, धनजला गेलो.

कार्तिकापर्यंतची उधारी

धनज बुद्रुक हे कारंजा तालुक्यातलं गाव. आज ते वाशीम जिल्ह्यात आहे. इंग्रजांच्या काळात वाशीम हा जिल्हा होता, तो 1905 मध्ये मोडून अकोल्यात गेला आणि 1998 मध्ये पुन्हा वेगळा झाला. आजाच्या पिढीचं सगळं आयुष्य त्या मधल्या काळातलं. पण जिल्हा कोणताही असो, बाजार कारंज्याचा. आत्या अजून ‘बजाराले’ म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर दुसरं गाव नसतं.

गावाबाहेर पडलं की काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन गाडीचं चाक धरून ठेवते. आता सोयाबीन आणि तुरीने बरंच रान घेतलं आहे. कापूस आहे, पण पूर्वीसारखा चहूकडे नाही. आजाच्या वेळी मृगाच्या आधी कोरड्या मातीत सरकी टाकून पावसाची वाट पाहायची, ही धूळपेरणी. पाऊस लांबला तर दुबार. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी. वेचणीच्या आरंभी शेतात सीतादही व्हायची: कपाशीच्या झाडाची पूजा, दह्याचा नैवेद्य, आणि मगच बाया ओट्या बांधून सरीत शिरायच्या.

म्हणजे मृगापासून कार्तिकापर्यंत घरात पैसा येण्याची वाटच नाही. मीठ, तेल, लुगडं, बैलाची पेंड, एखादं लग्न, सगळं उधारीवर. ही उधारी सावकार द्यायचा आणि पुष्कळदा सावकार म्हणजेच कापसाचा व्यापारी किंवा त्याचा माणूस. उचल घ्यायची ती उभ्या पिकावर. बोंड फुटायच्या आधीच ते कुणाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जाणार हे ठरलेलं असायचं, भावही पुष्कळदा त्याच्याच तोंडचा.

आत्या आता नव्वदीच्या पुढे आहे. ओसरीवर बसून तिने मला सांगितलं, ‘‘कापूस घरात ये आन् दुसऱ्या दिवशी जाये, बापू. खोली भरून राहे, आमी पोरं त्याच्यावर लोळो. मंग गाडी भरली का संपलं. पैसा मी कधी पाह्यलाच नाही. गाडी गेलेली पाह्यली, रिकामी आलेली पाह्यली.’’

‘‘आणि आजा?’’

‘‘थो गाडीसंगं जाये. गाडी परत ये, थो ये ना.’’

घरात हे वाक्य हसण्यासाठी सांगितलं जातं. ओसरीवर मला ते तसं वाटलं नाही. गाडी हाकून कारंज्याला गेलेल्या तरुण शेतकऱ्याने तिथे काय पाहिलं असेल, ते कळल्याशिवाय त्याच्या न येण्याचा अर्थ लागत नाही.

देशातला पहिला बाजार

शेतमालाच्या बाजारांवर लिहिलेल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात कारंजा हे नाव पहिल्याच पानांत येतं. हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित बाजार 1886 मध्ये इथे, हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने, सुरू झाला. रेसिडेंटच्या, कारण निजामाने 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं होतं आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेन्सीतून चाले. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. बाजाराची जागा ठरवून द्यायची, तिच्यावर समिती नेमायची, दलालांना आणि मापाऱ्यांना परवाने द्यायचे, खोटी मापं वापरली तर दंड करायचा, असा तो कायदा. आज राज्यभर ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या दिसतात त्यांची वंशावळ इथवर येते.

हा बाजार शेतकऱ्याच्या कळवळ्यापोटी निघाला नव्हता. अमेरिकेत 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात तिथला कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे पाहिलं. मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे 1867 पर्यंत पुरी झाली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस अमरावतीच्या नावाने, ‘ऊमरा’ म्हणून विकला जाऊ लागला. त्या तेजीत शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, असं लोक पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले. युद्ध संपलं, भाव उतरला, 1865 मध्ये मुंबईतल्या पेढ्या आणि बँकाही कोसळल्या. पण कापूस जाणं थांबलं नाही. विलायतेतल्या गिऱ्हाइकाची एकच तक्रार होती: कापसात पाणी, माती आणि सरकी मिसळून येते. माल स्वच्छ आणि माफक भावात मिळावा म्हणून बाजाराला शिस्त लावली गेली. समित्यांमध्ये वजन व्यापाऱ्यांचंच राहिलं. शेतकऱ्याला समितीत जागा देणारा कायदा मुंबई प्रांतात झाला तो थेट 1927 मध्ये.

एवढी शिस्त असूनही बाजारात प्रत्यक्ष काय चाले, ते जुन्या माणसांकडून ऐकण्यासारखं आहे. गाड्या रात्रीच निघायच्या, पहाटे बाजारात लागायच्या. अडत्या आपल्या ओळखीच्या गाड्या एका ओळीत लावून घ्यायचा. खरेदीदाराचा माणूस यायचा, गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस बाहेर ओढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ताणून पाहायचा. मग अडत्या आणि तो, दोघांचे हात एका रुमालाखाली. बोटं दाबून भाव ठरे. हा हत्ता. ज्याचा कापूस, तो दोन हातांवर बैलाचा कासरा धरून उभा, आणि आपल्या वर्षाचं काय झालं ते त्याला रुमाल उचलल्यावर कळे.

एवढ्यावर संपत नसे. भाव झाला की गाडी जिनात जायची आणि वजन तिथे व्हायचं. माल उतरवल्यावर जिनवाला म्हणायचा, कापूस ओला आहे, कवडी फार आहे, ठरलेला भाव परवडत नाही. उतरवलेला कापूस पुन्हा गाडीत भरून दुसरीकडे न्यायला ना वेळ, ना माणूस. मग तुटेल त्या भावाला मान डोलवायची. त्यातून अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, वजनातला कडता अशी एकेक कात्री. शाही शेती आयोगाने 1928 च्या अहवालात देशभरच्या बाजारांतल्या ह्या कपातींवर आणि रुमालाखालच्या भावावर टीका केली, तेव्हा आजा विशीत असावा.

हा काटा मी मनाशी उभा करून पाहिला. एका बाजूला कापूस पिकवणारा. त्याने नांगरट केली, डवरा मारला, घरच्या बायांनी आणि मजुरांनी बोंडं वेचली, तो रात्रभर जागा राहिला. दुसऱ्या बाजूला अडत्या, मापारी, जिनाचा मुनीम, मुंबईच्या आणि परदेशी कंपन्यांचे खरेदीदार. त्या बाजूच्या माणसाचं धोतर स्वच्छ होतं आणि दुपारी तो जेवायला घरी जात होता. शहाण्या तरुणाला कोणत्या बाजूला जावंसं वाटेल?

गाड्या हेरणारा

त्याची पहिली उडी ह्याच बाजारात पडली. आजा अडत्या झाला नाही. त्याला भांडवल लागतं आणि जात-नात्याचा आधारही. कारंजा हे व्यापाऱ्यांचं जुनं गाव. तिथल्या लाड आणि बघेरवाल जैन घराण्यांचा व्यवहार इंग्रजांच्या कितीतरी आधीचा, आणि कापसाच्या तेजीत मारवाडी, गुजराती, कच्छी मंडळीही आली. तिथे धनजच्या शेतकऱ्याच्या पोराला मिळालं ते काम म्हणजे वाटेवर उभं राहणं. गावाकडून येणाऱ्या गाड्या पहाटे रस्त्यातच गाठायच्या, गाडीवान ओळखीचा असेल तर विडी द्यायची, आणि त्याला आपल्या अडत्याच्या ओळीत वळवायचं. गाडीमागे काही पैसे. आजा ह्या कामात चांगला होता, असं सगळे कबूल करतात. त्याला आजूबाजूच्या प्रत्येक गावातला प्रत्येक बैल ओळखू येत होता म्हणे.

हे काम त्याने का सोडलं, याबद्दल घरात दोन मतं आहेत. काका म्हणतात, भांडण झालं. आत्या वेगळं सांगते. ‘‘एक दिवस आपल्याच गावची गाडी आली. सख्ख्या मामाची. थ्यानं लावली अडत्याकडे. भाव पडला, जिनात आखीन तुटला. मामा काई बोलला नाही. पन मंग याले थ्या गावात तोंड दाखवाले जागा नाही राह्यली. मंग गेला निंघून.’’

काट्याची ती बाजू त्याला मिळाली होती, आणि तिथे उभं राहिल्यावर समोर मामा दिसला. आत्याचं म्हणणं मला पटतं, कारण त्यानंतर त्याने कापसाच्या बाजारात पुन्हा दलाली केली नाही.

शकुंतलेचं तिकीट

जाण्यासाठी वाहन दाराशी आलं होतं. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी 113 किलोमीटरची अरुंद रेल्वे, आणि मूर्तिजापूरहूनच अचलपूरला जाणारी 76 किलोमीटरची दुसरी. लोकांनी तिला शकुंतला हे लाडकं नाव दिलं. ही लाइन सरकारने बांधली नव्हती. मुंबईच्या किलिक निक्सन या कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात ती उभी केली, त्यासाठी 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. हेतू एकच: आतल्या मुलखातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या रुळावर आणायचा, तिथून मुंबई, तिथून आगबोट. देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारी झाल्या तरी ही खासगी राहिली, आणि सरकारी रेल्वे तिच्या रुळांसाठी कंपनीला मोबदला देत राहिली. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावलं. शेवटच्या वर्षांत तिचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास उतरला होता, गार्डच फाटक आणि तिकीट दोन्ही सांभाळत होता.

कारंज्यात मी रूळ पाहायला गेलो. रुळांमधलं अंतर अडीच फूट. पाय फाकवून उभं राहिलं की दोन्ही रूळ दोन पायांखाली येतात. गाडी बंद आहे. मधे गवत आणि बाभळी. स्लीपरवर शेळ्या बांधलेल्या. ही लाइन रुंद व्हावी म्हणून भागातली माणसं बरीच वर्षं मागणी करताहेत.

ही गाडी कापसासाठी आली, पण तिच्यात माणसंही बसली, आणि ज्या माणसाने कधी वीस कोसांच्या पुढचं गाव पाहिलं नव्हतं त्याला मुंबई आणि नागपूर तिकिटाच्या अंतरावर आली. आजा आधी नागपूरला गेला. टाटांची एम्प्रेस मिल तिथे 1877 च्या 1 जानेवारीला सुरू झाली होती आणि वऱ्हाडातून शेतं गेलेली, दुष्काळाने हटवलेली कितीतरी माणसं तिच्या खात्यांत भरली होती. आजा तिथे राहिला नाही. फाटकातून आत गेला की नाही, हा वाद मी सोडून देतो. त्यानंतर तो एका हंगामात जिनात होता, हे नक्की, कारण आजीही त्या हंगामात त्याच जिनात रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, कापूस टाकत होती.

जिनाच्या त्या खोलीबद्दल आत्याने जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. रेच्यांची रांग, प्रत्येक रेच्यासमोर एक बाई, बसून मूठ-मूठ कापूस रुळाला लावायचा. एका बाजूने रुई ढगासारखी बाहेर येते, खाली सरकी पडते. हवेत कापसाची एवढी धूळ की समोरच्या बाईचं तोंड दिसत नाही. आया तान्ही पोरं बाहेर सरकीच्या ढिगाजवळ निजवत. भोंगा झाला की पदर झटकत बाहेर. ‘‘माय घरी ये तं पांढरी बुढी होऊन ये,’’ आत्या म्हणाली, ‘‘आन् रातभर खोकले.’’

तारेने येणारे आकडे

मंदी आली 1929 नंतर. कापसाचा भाव असा कोसळला की वेचणीची मजुरीही निघेना. त्या वर्षांत आजाला तारेचा नाद लागला.

कापसाचा भाव कुठे ठरतो हे कारंज्यातल्या पोराटोरालाही माहीत होतं: न्यूयॉर्क, लिव्हरपूल, मुंबई. मुंबईत कापसाच्या वायद्यांचा मोठा बाजार होता; 1921 मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनकडे त्याचं नियमन होतं. न्यूयॉर्कच्या बाजारात भाव किती उघडला आणि किती बंद झाला, हे तारेने मुंबईत येई. व्यापारी त्यावर खरेदी-विक्री करत, आणि ज्यांच्याकडे एक गाठही नव्हती ते भावाच्या आकड्यावर पैसे लावत. उघडता आकडा, बंद आकडा. हाच तो आकडा, जो पुढे मटका झाला. न्यूयॉर्कचे भाव येणं 1961 मध्ये थांबलं तेव्हा लोकांनी चिठ्ठ्या काढून आकडे पाडायला सुरुवात केली. कल्याणजी भगतने 1962 मध्ये वरळी मटका सुरू केला, 1964 मध्ये रतन खत्रीने आपला वेगळा. आज गावोगावच्या टपरीवर जे चालतं त्याच्या मुळाशी कापूस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आमच्या घरात हा आजाचा सर्वांत मोठा गुन्हा मानला जातो. त्यात आजीची एकदाणी गेली, चांदीचे गोट गेले, आणि जमिनीवर कर्ज चढलं. मी त्याची बाजू घेत नाही. बाईचे दागिने असे जाणं म्हणजे काय, हे ज्या घरात घडलं त्या घरालाच कळतं. फक्त एक गोष्ट मला दिसते. धूळपेरणी करणारा शेतकरी पावसावर लावतो, उचल घेणारा भावावर लावतो. दोन्हीत निकाल त्याच्या हातात नसतो. आकड्यावर पैसे लावणाऱ्याला निदान निकाल त्याच दिवशी कळत होता. बाराही महिने जुगार खेळायला लावणाऱ्या ह्या पिकाने आजाला आकडा शिकवला, असं मला वाटतं. आणि जिंकण्याच्या बाजूला तो कधीच नव्हता, हेही.

बखरीतली लूट, जमिनीतलं सोनं

गुप्तधनाची गोष्ट अशी. कर्ज गळ्याशी आलं तेव्हा एक माणूस घरी येऊ लागला. कुठल्याशा पडक्या गढीखाली हंडा आहे, नाग राखण करतो आहे, अमावस्येला काढता येईल. आजा काही रात्री त्याच्याबरोबर गेला. हंडा सापडला नाही. हातात राहिलं ते त्या माणसाला दिलेल्या पैशांचं कर्ज.

मूर्खपणा म्हणून हसण्याआधी कारंज्यात एक चक्कर मारून यावं. गावात कस्तुरीच्या हवेलीची कथा अजून सांगतात: श्रीमंत व्यापाऱ्याने उंटांवरून आलेली कस्तुरी सगळीच्या सगळी विकत घेतली आणि हवेलीच्या बांधकामात कालवली. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून हे गाव महाराष्ट्रभर माहीत आहे. पण पैशाचं गाव म्हणूनही त्याची ख्याती जुनी. शिवाजी महाराजांच्या फौजेने 1670 च्या अखेरीला सुरतेनंतर कारंजा लुटलं, तेव्हा चार हजार बैल आणि गाढवं लादून माल नेल्याचा आणि लुटीची किंमत कोटीच्या घरात असल्याचा उल्लेख इतिहासात आहे. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा दोअंमली वसूल, मग पेंढाऱ्यांच्या धाडी. ज्या मुलखात दोन धनी सारा मागतात आणि तिसरा येऊन लुटतो, तिथला शहाणा माणूस चांदी जमिनीत पुरणारच. काहींनी पुरली असेल, सांगायच्या आधी मेलेही असतील. म्हणूनच ही आशा मरत नाही. सरकारलाही ती माहीत होती. 1878 चा गुप्तधनाचा कायदा सांगतो की दहा रुपयांवरचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवा. आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला, कारण ते प्रकार थांबलेले नाहीत आणि काहींत जीव गेले आहेत.

आजाने कुणाचा जीव धोक्यात घातला नाही. पण घरातली ज्वारी विकून त्या माणसाला पैसे दिले, आणि त्या वर्षी आत्याच्या पाठचा भाऊ तापाने गेला. या दोन गोष्टी आत्याने मला एका पाठोपाठ एक सांगितल्या. त्यांचा संबंध तिने जोडला नाही. मीही विचारलं नाही.

आजीचं बारा एकर

जमीन मात्र राहिली. ह्या सगळ्या गोष्टीत मला हा भाग सर्वांत मोठा वाटतो, आणि घरातल्या गप्पांत तो सर्वांत लहान असतो.

मध्य प्रांतात 1933 मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा झाला. मंदीत बुडालेल्या शेतकऱ्याने आणि सावकाराने मंडळापुढे यायचं, कर्ज तपासून कमी करायचं, हप्ते बांधून द्यायचे. आजा त्या वेळी घरी नव्हता. मुंबईला होता असं म्हणतात. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने तिच्या भावाला हाताशी धरलं, सावकाराच्या दारात बसून राहिली आणि तडजोड घडवून आणली. मग हप्ते फेडण्यासाठी तिने शेती बदलली. अर्ध्या रानात कापूस, अर्ध्या रानात ज्वारी आणि तूर. कापसाचा पैसा हप्त्याला, ज्वारी घराला. हंगामात स्वतः दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जायची. त्या काळी वेचणीची मजुरी पैशात कमी आणि वेचलेल्या कापसाच्या वाट्यात जास्त मिळायची. तो वाटा साठवून ती सरकी आणि कापूस किरकोळ विकायची. भाव काहीही झाला तरी जनावरांना कडबा आणि माणसांना भाकर राहील, एवढी व्यवस्था तिने पक्की केली.

‘‘माय कुठीच गेली नाही,’’ आत्या म्हणाली. ‘‘वावरात जाये, जिनात जाये, नदीवर जाये. कारंज्याचा बजार पाह्यला थे मी लगनाले आली तवा, कपडे घ्याले.’’

आजाला मोठ्या काट्याच्या पलीकडे जायचं होतं. आजीने घरातली ज्वारीची कणगी त्या काट्यापासून दूर ठेवली. दोघांनाही त्या बाजाराचं स्वरूप कळलं होतं. आजाला ते कळलं याचं श्रेय आम्ही कधी दिलं नाही, आणि आजीच्या कष्टांचं कौतुक करताना तिच्या हिशेबी डोक्याचा उल्लेख करायचंही विसरलो. ‘बिचारी’ हा शब्द तिच्यासाठी घरात फार वापरला गेला. तो मला आता चुकीचा वाटतो.

आजा म्हातारपणी परत आला. बैल चारायचा, नातवंडांना खांद्यावर घेऊन पांदणीने फिरायचा. त्याच्याकडून ऐकलेलं मला एकच आठवतं: कुठल्या गावचा बैल कोणत्या खोडीचा होता. आकड्यांबद्दल, मुंबईबद्दल, त्या गढीबद्दल तो एक शब्द बोलत नसे. एकाधिकार कापूस खरेदी 1972 मध्ये सुरू झाली तोवर तो जिवंत होता. सरकारच कापूस घेणार, दलाल नाही, हे ऐकून तो पणन महासंघाचं खरेदी केंद्र पाहायला मुद्दाम गेला, असं काका सांगतात. रांगेत उभ्या गाड्या पाहून परत आला आणि म्हणाला, ‘‘भाव बरा हाये. पन गाडी थ्याच बाजूले उभी हाये.’’

आता काटा घरी येतो

मी गेलो तेव्हा धनजच्या शिवारात खेडा खरेदी चालू होती. व्यापाऱ्याचा टेम्पो गावात येतो, इलेक्ट्रॉनिक काटा अंगणात मांडला जातो, पैसे लगेच. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. अंगणात भाव त्याच्या बराच खाली चालला होता. सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर का नेत नाही, असं मी एकाला विचारलं. त्याने मोजून कारणं दिली. नोंदणी, सातबारा, गाडीभाडं, केंद्रावरचा खोळंबा, आणि ओलावा. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्याच्या वर घेतच नाहीत. पहिल्या वेचणीचा कापूस दवाने ओला असतो आणि मुलीच्या कॉलेजची फी त्याच आठवड्यात भरायची असते. ‘‘वाळवून ठेवतो म्हटलं तरी घरात जागा कुठी हाये?’’

टेम्पोजवळ वजन लिहून घेणारा मुलगा माझ्या चुलतभावाचा नातू निघाला. बी.ए. झालेला. दोन वर्षं पुण्यात कुरिअरचं काम करून परत आलेला. मधे कारंजा तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मुरूम टाकणाऱ्या ठेकेदाराकडेही होता. महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि ते काम संपलं. आता हंगामापुरता व्यापाऱ्याचा माणूस. गावातली कोणती घरं आधी विकतील, कुणाला पैशाची घाई आहे, कुणाचा कापूस चांगला आहे, हे तो व्यापाऱ्याला सांगतो. क्विंटलमागे त्याला थोडे पैसे मिळतात.

मी त्याला खापरपणजोबाची मामाच्या गाडीची गोष्ट सांगितली. त्याने ती ऐकलेली नव्हती. थोडा वेळ वही बंद करून उभा राहिला. मग म्हणाला, ‘‘आबा, मी आपल्या घरचा कापूस नाही दाखवला यांना. बाबाचा अन् मोठ्या काकाचा दोन्ही वाळत टाकला आहे, शाळेच्या जुन्या खोलीत. पुढल्या महिन्यात पाच-सात घरचा मिळून एक ट्रक भरतो म्हणतो, सीसीआयला. ओलावा मोजायचं यंत्र घ्यावं लागेल, ते कितीला येतं बघतो आहे.’’

मोबाइल काढून त्याने मला तीन-चार यंत्रांचे फोटो दाखवले, आणि त्यातलं कोणतं टिकेल असं विचारलं.